ते बाळ

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं त्र्यंबकला जाणार आहोत, असं मी शाळेत सांगितलं तेव्हा शिक्षकखोलीत सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग भूगोलाच्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "हनिमून की नागबळी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. नाशिकच्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. त्र्यंबकेश्वरला लोक देवदर्शनाला येतात तसे नारायण नागबळीलाही येतात. घरात कोणी अवेळी गेलेलं असेल, त्याचा जीव अडकून राहिला असेल, त्या बाधेमुळे मूल होत नसेल किंवा झालेलं जगत नसेल, तर हा तीन दिवसांचा विधी करतात. पिठाचं प्रेत करतात, त्याला अग्नी देतात, आणि दोष फिटला असं म्हणून घरी जातात. नवराबायकोने जोडीने बसायचं असतं. म्हणून त्र्यंबकच्या स्टँडवर एखादं तरुण जोडपं बॅग घेऊन उतरलं की ते कशाला आलंय हे रिक्षावाल्यालाही विचारावं लागत नाही.

"नाही हो," मी म्हटलं. "निवांत राहायचंय दोन-तीन दिवस. सोमवार सोडला तर ते गाव शांत असतं."

"शांतच असणार," बाई म्हणाल्या. "अर्धं गाव सुतकात असतं."

हे मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि सरळच विचारलं, "विधी वगैरे नाही ना काही?" तो बूट काढत होता. त्याने वर पाहिलं नाही. "शपथ," तो म्हणाला. "आपला वाढदिवस आहे. आपण दोघंच. तिथे गेलो की सांगतो तुला सगळं."

मी तयार झाले ती या शेवटच्या वाक्यासाठी.

त्याच्या आदल्या वर्षी आमची मुलगी गेली होती. गेली म्हणणंसुद्धा बरोबर नाही, कारण ती आलीच नव्हती. आठवा महिना संपत आला होता. दुपारपासून पोटात हालचाल नव्हती आणि संध्याकाळी रक्त जायला लागलं. दवाखान्यात पूर्ण भूल देऊन ऑपरेशन केलं. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. डॉक्टरीणबाई पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, मुलगी होती, आम्हाला काही करता आलं नाही. त्यांच्यामागे सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "मोकळी झाली बाई तू. जीव वाचला. पोरगीच व्हती, लय रडू नको."

बाळाला नवऱ्याने आणि माझ्या मोठ्या दिरांनी नेलं होतं. आमच्या घरचा मळा आहे. शहर आता त्याला तिन्ही बाजूंनी येऊन भिडलंय, पण उरलेल्या तुकड्यात फुलं आणि पालेभाज्या होतात. दीर रोज पहाटे तो माल छोट्या टेम्पोतून बाजारात नेतात. नवरा ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्याचा मळ्याशी संबंध सुट्टीपुरता. त्या दिवशी दवाखान्यातून बाळ नेलं ते त्याच टेम्पोतून. हे मला नंतर जावेकडून कळलं. नदीकाठी पुरलं, हेही तिनेच सांगितलं. यापलीकडे तिला काही माहीत नव्हतं. माहीत असणारी माणसं दोनच होती. त्यातल्या दिरांना मी कसं विचारणार? आमच्या घरात सून मोठ्या दिरांशी वाढण्यापुरतं बोलते. उरला नवरा.

मला फार काही हवं नव्हतं. ती कशी दिसत होती, एवढंच हवं होतं. केस होते का, बोटं कशी होती, चेहरा शांत होता की आक्रसलेला. आठ महिने मी तिला पोटात वागवलं आणि तिला एकदाही पाहिलं नाही, आणि ज्याने पाहिलं होतं तो माझ्या शेजारी झोपत होता.

तो म्हणायचा, "नंतर सांगतो." कधी म्हणायचा, "तुला त्रास होईल." कधी ओझरहून उशिरा यायचा आणि मी विचारायच्या आधीच म्हणायचा, "आज नको, डोकं दुखतंय." मी त्याच्यावर दबाव आणत नसे. मला वाटायचं की त्याने जे पाहिलंय ते त्याला शब्दांत आणवत नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांची ही एक खोड असते. समोरच्याच्या गप्प बसण्यात आपण आपल्या मनाने अर्थ भरत जातो.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायची. मी तिच्याबद्दल बोलताना 'ती' म्हणायचे. तो 'ते' म्हणायचा. ते बाळ. ते गेलं. ते झालं तेव्हा. मी शाळेत संस्कृत शिकवते, विभक्ती आणि लिंग हे माझं रोजचं काम आहे, म्हणून मला ते ऐकू यायचं इतकंच. मराठीत बाळ नपुंसकलिंगीच आहे. त्याची चूक काढता येत नव्हती.

निघायच्या दिवशी सासूबाई ओट्यावर फुलांच्या माळा मोजत बसल्या होत्या. मी पाया पडले तर त्यांनी नेहमीसारखा हात न ठेवता माझ्या पोटाकडे पाहिलं. म्हणाल्या, "नीट जा. त्यो सांगंल तसं कर. तिथं तुझी पुस्तकं नको काढू." मला वाटलं, सुट्टीतसुद्धा वाचत बसते म्हणून म्हणाल्या.

सातपूर मागे पडलं तसा नवरा बोलका झाला. मार्गशीर्षातली थंडी होती, दोन्ही बाजूंना भात कापून झालेली वावरं. अंजनेरीपाशी गाडी थांबवून त्याने मला कणीस घेऊन दिलं. लिंबू जास्त लावून, मला आवडतं तसं. तेव्हा मला तो फार चांगला वाटला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तो वाईट माणूस नाही. वाईट माणसाशी कसं वागायचं ते एव्हाना मी शिकले असते.

उतरलो ते एका घरगुती निवासात. मालकीणबाई जाड, हसऱ्या, तोंडात पान. आम्हाला पाहून त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "जोडी आली गं, वरची खोली झाड." मग मला म्हणाल्या, "पहिल्यांदाच बसताय?"

"कुठे?" मी म्हटलं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मोबाईलमध्ये काहीतरी पाहत होता.

"आम्ही राहायला आलोय," मी म्हटलं. "लग्नाचा वाढदिवस आहे."

"अगं बाई, मग तर चांगलंच," त्या म्हणाल्या आणि पानाची पिंक टाकायला म्हणून बाहेर गेल्या.

वर खोलीत दोन चटया होत्या, दोन भिंतींना एकेक. पलंग नव्हता. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "या गावात असंच असतं. विधीवाल्यांची सवय ना त्यांना. सांगून गादी आणवतो." त्याने सांगितलं नाही. संध्याकाळी आम्ही फिरायला बाहेर पडलो. गल्ल्यांमधून पांढऱ्या साड्या आणि पांढरी धोतरं नेसलेली जोडपी चालली होती. एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, न बोलता. एका दुकानात तांब्याचे नाग टांगलेले होते. ब्रह्मगिरीवर ऊन शेवटचं होतं आणि गाव खरोखरच शांत होतं.

एका कट्ट्यावर बसल्यावर मी म्हटलं, "सांग."

"उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी. नक्की."

"आज का नाही?"

"अगं, आज दमलोय. उद्या वाढदिवस. उद्या सांगतो की."

त्याने माझा हात हातात घेतला, आणि तेवढ्यात समोरून जाणारी एक म्हातारी पांढऱ्या साडीतली बाई थबकून म्हणाली, "बसायच्या आधी शिवून घ्या काय ते. मग तीन दिवस हात लावायचा नाही." तिच्याबरोबरचा म्हातारा खो-खो हसला. नवराही हसला. मला त्याच्या हसण्यात एक घाई दिसली. रात्रभर मी जागी होते असं म्हणणार नाही. मी गाढ झोपले. उद्या मला कळणार होतं.

सकाळी मी आंघोळीची तयारी करत होते तेव्हा त्याने बॅगेतून एक पिशवी काढली आणि चटईवर रिकामी केली. एक कोरी पांढरी साडी. एक धोतर, उपरणं. साडीत सासूबाईंनी आमच्या कपाटात ठेवतात तशी डांबराची गोळी घातली होती, तिचा वास खोलीभर झाला.

त्यानेच सुरुवात केली.

"दोन दिवस पांढरं, तिसऱ्या दिवशी रंगीत. गुरुजींशी बोलणं झालंय. फार नाही, सकाळचे तीन-चार तास."

"तू शपथ घेतलीस."

"तुला आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस का? आई म्हणाली, आधी सांगशील तर ती पुस्तकं काढून बसेल, शास्त्रात हे आहे का आणि ते आहे का."

"आज आपला वाढदिवस आहे."

"म्हणूनच तर. पुढच्या वाढदिवसाला तिघं असू." हे वाक्य त्याने घरी पाठ केलं असावं, कारण म्हणताना त्याचा आवाज बदलला.

मी म्हटलं, मी बसणार नाही. तो चटईवर बसला, साडीची घडी नीट केली, पुन्हा केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बसलीस तर सांगतो."

"काय?"

"ते बाळ कसं होतं ते."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याला आपण काय बोललो ते कळलं होतं. पण बोललेलं कामी येतंय हेही दिसत होतं, म्हणून त्याने ते मागे घेतलं नाही. "संकल्प झाला की सांगतो," तो म्हणाला. "आजच. देवाशप्पथ."

मी साडी उचलली.

कुशावर्तावर थंड पाण्यात बुडी मारून, ओलेत्याने, आम्ही गुरुजींच्या घरच्या मोठ्या खोलीत आलो. आणखी चार-पाच जोडपी होती. सुरतेकडचं एक, मराठवाड्यातलं एक, एक अगदी कोवळं, त्यातली मुलगी थंडीने दात वाजवत होती. गुरुजी तरुण होते, चष्मा, चपळ बोलणं, स्वभाव खेळकर. सगळ्यांना आधीच ताकीद दिली, "फोन बंद. तीन दिवस कांदा-लसूण बंद. एकमेकांना शिवणं बंद. भांडण चालू ठेवलं तर हरकत नाही, ते बंद करायला सांगितलं तर कोणी येणारच नाही." लोक हसले. गुरुजींचं मला आजही काही वाईट वाटत नाही. ते आपलं काम चोख करत होते.

पुढे पाट, दर्भ, पिठाचे गोळे. नवऱ्याने हातात पाणी घेतलं. गुरुजी मला म्हणाले, "ताई, यजमानांच्या हाताला हात लावा. तुमचा हात असला की त्यांनी केलेलं तुम्हालाही पोचतं." मी माझ्या उजव्या हाताची बोटं त्याच्या मनगटाला टेकवली. तीन दिवसांत एवढाच स्पर्श चालत होता.

संकल्प सुरू झाला. देश, काल, गोत्र. मग दोष. मंत्र इतरांना नुसते ऐकू येत होते, मला समजत होते. त्यात वंध्यत्व आलं. त्यात मृतवत्सा आली, म्हणजे जिची मुलं मरतात ती बाई. मी ते ऐकून घेतलं. हाताखाली त्याची नाडी लागत होती. मी मनात म्हणत होते, हे संपेल, मग तो सांगेल. पीडा आली, पीडेचा परिहार आला. जिने मला कितीतरी रात्री लाथा मारून उठवलं ती आता पीडा झाली होती, आणि आम्ही दोघं मिळून तिला घालवत होतो. तेही मी ऐकून घेतलं.

मग गुरुजी म्हणाले, "बालकस्य."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुढच्या वाक्यात पुन्हा म्हटलं. बालकस्य. मुलाच्या.

"बालिकायाः," मी म्हटलं.

वर्गात पोरांची चूक जशी दुरुस्त करते तसं तोंडून निघून गेलं. गुरुजी थांबले. चष्म्यावरून पाहिलं. "ताईंना संस्कृत येतं वाटतं."

"शिकवते मी."

"मग माझी शिकवणी नंतर घ्या," ते हसून म्हणाले. "चुकलं नाही ताई. यजमानांनी मुलगा सांगितलाय."

सुरतेच्या बाईने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळायला लागलं होतं. तो ते सांभाळत खालच्या आवाजात म्हणाला, "मुलगाच धरा, गुरुजी."

"धरा म्हणजे? होतं काय ते सांगा. स्त्री की पुरुष?"

"काय फरक पडतो? धरा मुलगा."

मी हात काढून घेतला आणि उठून बाहेर अंगणात आले. ओल्या साडीला वारा लागत होता. दोन मिनिटांनी तो मागोमाग आला, उपरण्याला हात पुसत.

"सगळ्यांसमोर काय हे?" तो म्हणाला. "आई म्हणाली मुलगा सांग. मुलीची कसली बाधा, गुरुजीच हसतील म्हणाली. नुसता एक शब्द आहे."

"तू तिला पाहिलंस," मी म्हटलं. "पाहिलेल्या माणसाच्या तोंडून मुलगा निघतो कसा?"

अंगणात एका दोरीवर वाळत घातलेली धोतरं फडफडत होती. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला, आणि मला कळलं. सांगण्याआधीच मला कळलं, तरी मी विचारलं.

"पाहिलंस ना?"

"दवाखान्यातच गुंडाळून दिलं होतं," तो म्हणाला. "कापडात. टेम्पो चालवणारा दादाच, तरी मांडीवर त्यानेच घेतलं. मी शेजारी बसलो होतो टेम्पोत. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तर दादा म्हणाला, तुला जमायचं नाही, तू उतर. मी उतरलो."

"मग?"

"मग काय. टेम्पो पुढे गेला. मी तिथे टपरीवर चहा घेतला. मग रिक्षाने दवाखान्यात आलो."

मी त्या चहाचा विचार करत होते. त्याने साखर कमी सांगितली असेल का, नेहमी सांगतो तशी.

"वर्षभर तू मला नंतर सांगतो म्हणत होतास."

"तू विचारायचीस. काय सांगणार होतो?"

"आणि आज? बसल्यावर काय सांगणार होतास?"

"काहीतरी सांगितलं असतं." तो उपरण्याचं टोक पिळायला लागला. "तुला बरं वाटेल असं. गोरी होती म्हणालो असतो. तुझ्यासारखी दिसत होती."

"मी गोरी नाही," मी म्हटलं.

तो रडायला लागला. अंगणातून एक जोडपं जात होतं, त्यातला पुरुष समजुतीने म्हणाला, "होतं हो असं पहिल्या दिवशी. मोकळं वाटतंय ना?" आणि नवऱ्याने रडत रडत मान हलवली.

मला दया आली नाही. येईल म्हणून मी थोडी वाट पाहिली.

गुरुजी दारात आले. मला म्हणाले, "ताई, चला. संकल्प पुन्हा करतो. स्त्रीलिंगात करतो, तुम्ही म्हणता तसा. शब्द न् शब्द तपासून घ्या हवं तर." ते मनापासून बोलत होते, आणि तिच्याबद्दल बरोबर बोलायला तयार झालेलं ते पहिलंच माणूस होतं. मी त्यांना नमस्कार केला. म्हटलं, "गुरुजी, मला तिला घालवायचं नाहीये."

त्यांनी जरा विचार केला. मग नवऱ्याकडे वळले. "यजमान, यांनी हात लावला नाही तर याचं फळ यांना मिळायचं नाही. तुम्ही एकटे बसलात तर ते तुमच्यापुरतं होईल. ज्यांची पत्नी वारलेली असते तेही एकटे बसतात, तशी सोय आहे. पण पत्नी जिवंत असताना..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "चालेल का, तुम्हीच ठरवा."

नवऱ्याने उपरण्याने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं, खोलीतल्या पाटाकडे पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला, आणि आत गेला.

मी निवासावर येऊन साडी बदलली. मालकीणबाईंनी मला एकटीला खाली उतरताना पाहिलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात लांब केला तशी त्यांनी तो पटकन खाली टेकवला. माझ्याकडून विटाळ होईल म्हणून. "घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी लांबूनच बरी."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. नाशिकला आले तेव्हा उन्हं कलली होती. ओट्यावर सासूबाई होत्या. त्यांनी माझ्यामागे रस्त्यावर पाहिलं.

"त्यो कुठंय?"

"बसलाय."

"आन् तू?"

"मी नाही बसले."

त्या उठल्या. मला वाटलं मारतील. पण त्या फक्त दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आता सुतकात गेली व्हतीस का नव्हतीस, ते बी कळंना. परसदारानं ये. आंघोळ कर आन् मंग घरात पाय ठेव."

तिसऱ्या दिवशी तो आला. निळा सदरा, कपाळावर गंध. सासूबाईंनी दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. जेवताना त्याने दोनदा भात मागून घेतला. झोपताना मला म्हणाला, "खरं सांगू? हलकं वाटतंय. तुला बसायला हवं होतं." आणि त्याला लगेच झोप लागली. तेव्हापासून त्याची झोप चांगली आहे. आम्हाला मूल झालेलं नाही. त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे.

दिरांना विचारायला मला आणखी बरेच महिने लागले. एका दुपारी ते मळ्यातून आले, हौदावर पाय धूत होते आणि आसपास कोणी नव्हतं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "दादा, एक विचारू का? आमच्या बाळाला नेलंत तुम्ही. तोंड पाहिलं होतं का?"

ते चमकले. घरात इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. हात तसेच ओले ठेवून ते खाली पाहत उभे राहिले.

"नाय," ते म्हणाले. "अशा लेकराचं तोंड बघू नाय म्हणत्यात. जीव घुटमळतो. गाठ घट्ट व्हती, मी सोडली नाय."

"बरं," मी म्हटलं.

मी वळले तर त्यांना काहीतरी द्यायला हवं असं वाटलं असावं. मागून म्हणाले, "वजन व्हतं पण. मांडीला लागत व्हतं. मेथीच्या दोन जुड्या धरल्या ना बाजारातल्या, मोठाल्या, तेवढं भरलं आसंल."

मी आत आले. बाजारात न गेलेला माल सासूबाईंनी स्वयंपाकघरात आणून टाकला होता. मी त्यातल्या दोन जुड्या उचलल्या, मोठ्या बघून, मुळांची माती तशीच होती, आणि दोन्ही हातांत आडव्या धरल्या. त्या वाटल्या होत्या त्यापेक्षा जड होत्या.

"उभी काय राहिली?" सासूबाई म्हणाल्या. "बस की निवडायला. संध्याकाळी त्याला मेथीच हवी म्हणला."

मी खाली बसले आणि पहिल्या जुडीचा बंद सोडला.